माईकवर बेळगाव म्हणा

मुंबईहून परत आल्यापासून कंग्राळीच्या वाचनालयात पाऊल टाकलं की कुणी ना कुणी विचारतंच, "परशराम, ते गोल्फ म्हणजे काय, आणि त्याचे पैसे कोण देतं?" त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न, "आणि तिथं भांडण कशावरून झालं?" तोंडानं सांगून सांगून हकीकत दर वेळी वेगळी व्हायला लागली. परवा एकानं बसस्टँडवर सांगितलं की मी सेक्रेटरीच्या डोक्यात काठी घातली. म्हणून एकदाच लिहून टाकतो. काठी घातली नाही. बाकीचं खरं आहे.

गोल्फ सांगायला सोपं आहे. मोठं मैदान, त्यात लांबलांबवर अठरा भोकं. काठीनं चेंडू मारत मारत एकेका भोकात घालायचा. ज्याला फटके कमी लागले तो जिंकला. लहानपणी मी बेळगावच्या लष्करी कॅम्पातल्या मैदानावर साहेबांच्या पिशव्या वाहायचो, म्हणजे कॅडी होतो. गोरे गेले, आपले अफसर आले. मी त्यांच्या टाकून दिलेल्या काठ्यांनी खेळता खेळता त्यांना हरवायला लागलो, तेव्हा त्यांनी मला प्रोफेशनल केलं.

प्रोफेशनल म्हणजे खेळून पोट भरणारा. हौशी माणूस जिंकला की त्याला चषक, आम्हाला पाकीट. हौशी माणसाच्या नावाआधी फळ्यावर 'मिस्टर' लिहितात, आमच्या नावाआधी काही नाही. कॅम्पातून मला पगार मिळायचा तो अफसरांना शिकवण्याचा आणि काठ्यांची दुरुस्ती करण्याचा. त्यात घर निम्मं चालायचं. उरलेलं निम्मं थंडीच्या दिवसांत फिरून मिळवायचं. कलकत्ता, दिल्ली, मुंबई, जिथं सामने असतील तिथं जायचं. भाडं आपलं, सामन्याचा भरणा आपला, जेवण आपलं, पिशवी वाहणाऱ्याची मजुरीसुद्धा आपलीच. पहिल्या दोघातिघांत आलो तर कमाई, नाही तर पदरमोड. एकदा कलकत्त्याहून परत यायला मी दोन काठ्या विकल्या होत्या. लोकांना वाटतं, हा साहेबांचा खेळ खेळतो म्हणजे मजेत असेल.

यंदा मुंबईला निघालो तेव्हा बेळगाव म्हैसूर राज्यात घातल्याला वर्ष उलटून गेलं होतं. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय. बायको म्हणाली, "तिकडं आक्काकडं उतरणार, तर मोर्च्यात जाऊ नका. हात शाबूत ठेवा." मी म्हटलं, मी खेळायला चाललोय. मिरजेला गाडी बदलली, पुण्याला बदलली, त्यात काही सांगण्यासारखं नाही.

लालबाग

दादरला उतरून ट्राम धरली. लालबागच्या नाक्यावर उतरलो तेव्हा खांद्यावर काठ्यांची कातडी पिशवी होती आणि हातात ट्रंक. जरा पुढं गेलो तोच मागून आवाज आला, "ए, थांब. पिशवीत काय आहे?"

एक हवालदार आणि दोन शिपाई. त्या दिवसांत गिरणगावात कोपऱ्याकोपऱ्यावर पोलीस उभे असत.

"काठ्या आहेत," मी म्हटलं.

"कसल्या काठ्या?"

"खेळायच्या."

हवालदारानं एक बाहेर ओढली. नेमकी हातात आली ती वाळूतून चेंडू काढायची. तिचं लोखंडी पातं कुदळीसारखं वाकडं. त्यानं ती हातात तोलून पाहिली. "आणि अशा किती? दहाबारा?"

"तेरा," मी म्हणालो. खरं बोललो ते चुकलं.

"चल चौकीवर."

चौकीवर त्यांनी सगळ्या काठ्या बाकावर ओळीनं मांडल्या. मी चेंडू काढून दाखवला. हा असा ठेवायचा, असा मारायचा, तिकडं लांब भोक असतं त्यात घालायचा. हवालदार साताऱ्याकडचा होता. त्यानं चेंडू नखानं टोकरून पाहिला आणि विचारलं, "पण कशाला?"

एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "पोटाला."

त्याला ते पटेना. तेवढ्यात आक्का आली. नाक्यावरच्या पानवाल्यानं तिला निरोप दिला होता की तुमच्या गावाकडचं कुणीतरी हत्यारं घेऊन पकडलं गेलंय. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न होऊन लालबागेत आली त्याला बरीच वर्षं झाली. माझे भावोजी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आहेत. आक्का आमच्या घरात कधी मोठ्यानं बोलत नसे. इथं ती दारातूनच सुरू झाली.

"माझा भाऊ हाय तो. खेळायला आलाय."

हवालदार तिला बघून उठलाच. "बाई, तुम्ही? परत?" मागच्या मोर्च्यात तिनं त्याच्याच चौकीत दिवस काढला होता, हे मला तेव्हा कळलं.

"खेळायला लोखंड कशाला लागतं, बाई?"

"तुमच्या हातातली लाठी काय पूजेला आणलीय?" आक्कानं आपलं डावं मनगट पुढं केलं. ते हाड वाकडं जुळलं होतं. "हिचा खेळ झाला तेव्हा आम्ही विचारलं काय, कशाला म्हणून?"

शिपाई भिंतीकडं बघायला लागले. हवालदारानं काठ्या स्वतः पिशवीत भरल्या आणि म्हणाला, "न्या. पण उघड्या नेऊ नका. वरच्या साहेबानं बघितलं तर माझी नोकरी जाईल." आक्कानं शेजारच्या दुकानातून सतरंजी मागून आणली. मुंबईत होतो तोवर माझ्या काठ्या वळकटी बनून हिंडल्या.

चाळीतली खोली एकच, पण दोन्ही अंगांची माणसं आपलीच असल्यासारखी आतबाहेर करत होती. आमच्याकडं पाहुणा आला की घरचे वाढतात. इथं पाहुणा आला की माळाच, म्हणजे अख्खा मजला, वाढतो. आक्कानं भाकरी आणि झुणका केला होता, तर पलीकडच्या राणेकाकी बांगड्याचं कालवण घेऊन आल्या. मालवणच्या त्या. नारळाचा तो दाट रस्सा आणि वर तिरफळांचा वास मला नवाच होता. भाकरी मोडून त्यात बुडवली तशा काकी हसल्या. "भात घे रे, भाकरी कसली बुडवतंस?" मी म्हटलं, बेळगावात असंच खातात. "मगे खा," त्या म्हणाल्या, "तुमचा बेळगाव आमका होयाच आसा."

भावोजी पाळीवरून आले. कानात कापसाचे तंतू, आवाज मोठा. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेलं की माणूस घरातही ओरडूनच बोलतो. त्यांनी विचारलं, पहिल्या नंबराला किती? मी सांगितलं. त्यांना तेवढ्यासाठी सहा महिने साच्यावर उभं राहावं लागलं असतं. ते म्हणाले, "मग मार की. बघतोस काय?"

मैदान

मैदान कुठलं ते लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. एवढंच सांगतो की तिथून गिरण्यांच्या चिमण्या दिसतात, आणि चिमण्यांखालच्या माणसांना ते मैदान दिसत नाही.

सभासदांचं फाटक पुढं. आम्हा प्रोफेशनल लोकांचं मागं, माळ्याच्या खोपटाशेजारून. क्लबच्या इमारतीत आम्हाला जायची मुभा नव्हती. बसायला एक चिंचेचं झाड होतं. हे सगळीकडं असंच, कलकत्त्यालाही झाड होतं, तिथं वडाचं.

झाडाखाली रहमत भेटला. कलकत्त्याचा रहमत, आमच्यात सगळ्यांत मुरलेला, दाढी पिकलेली. आमची जुनी ओळख. "आओ परसराम भाई," म्हणाला, "तख्ती देखी? तुम्हारा मुल्क बदल गया."

फळ्यावर सगळ्यांची नावं होती. रहमत, कलकत्ता. त्याखाली दिल्लीचे, पुण्याचे, लखनौचे. आणि मधेच: पी. कंग्राळकर, म्हैसूर.

मी भरणा पाठवताना बेळगाव लिहिलं होतं. सगळ्यांच्या नावापुढं गाव, माझ्याच नावापुढं राज्य. मी सेक्रेटरीच्या खोलीच्या खिडकीशी गेलो, कारण दारातून जाता येत नव्हतं. सेक्रेटरी पलटणीतून निवृत्त झालेला गृहस्थ, इंग्रजी-हिंदी मिसळून बोलणारा. त्याला वाटलं मी चहाचं विचारतोय. गावाचं म्हटल्यावर त्यानं चष्मा काढला.

"बेळगाव म्हैसुरात आहे की नाही?"

"कलकत्ता बंगालात आहे, तिथं तुम्ही बंगाल लिहिलं नाही."

"हे बघ, सध्या वातावरण तापलंय. तुझ्यापुढं बेळगाव लिहिलं तर उद्या कुंपणापाशी घोषणा सुरू होतील. इथं राजकारण नको."

"माझ्या गावाचं नाव राजकारण कधीपासून झालं?"

त्यानं चष्मा परत घातला. "जा, तुझी वेळ झाली."

गेलो. काय करणार? भरणा भरला होता.

मला पिशवी वाहायला मिळाला तो गमरे. माझ्याच वयाचा, नायगावात राहणारा, गिरणीत बदली कामगार. ज्या दिवशी गिरणीच्या दारातून परत लावतील त्या दिवशी इथं यायचा. पिशवी उचलायच्या आधी तो नळाशी जाऊन पाणी प्यायला, आणि झाडाखाली ठेवलेल्या दोन माठांपैकी एकाकडं बोट करून म्हणाला, "तो आमच्यासाठी वेगळा ठेवतात. दीक्षा घेतली त्या दिवसापासनं मी त्याला हात लावला नाही. मुकादम म्हणाला, नळ सभासदांचा आहे. मी म्हटलं, मग बंद करून दाखव."

"मग केला काय?"

"झाडांना पाणी कसं घालणार?"

पहिल्या दिवशी मी वाईट खेळलो. आमच्या कॅम्पात भोकाभोवती हिरवळ नाही. तेल शिंपडून दाबलेली वाळू असते, तिला ब्राऊन म्हणतात. तिच्यावर चेंडू अडखळत जातो, त्याला दणका द्यावा लागतो. इथं भोकाभोवती मखमलीसारखी कापलेली हिरवळ. हात लावला की चेंडू निघाला, तो भोकाला विचारतसुद्धा नाही, सरळ पलीकडं. लांबचे फटके सगळे सरळ गेले. गमरे म्हणायचा, "त्या डावीकडच्या चिमणीवर मार," मी मारायचो. आणि जवळ येऊन सगळं घालवायचो. संध्याकाळी नाव फळ्याच्या तळाशी, तेही म्हैसूरचं म्हणून.

घरी जाऊन बसवेना. चाळीच्या गॅलरीतली फरशी घासून घासून गुळगुळीत झालेली. तिथं आक्काकडचा पितळी पेला आडवा ठेवला आणि शेवटच्या टोल्याची काठी घेऊन चेंडू ढकलायला लागलो. फरशीवर तो हिरवळीसारखाच पळत होता. पहिले सगळे हुकले. माळ्यावरची माणसं जमली. कुणी म्हणालं गुडघा वाकव, कुणी म्हणालं श्वास धर. भावोजींनी पाय लावून चेंडू अडवायचं काम घेतलं. पुढं तो जायला लागला, ठण, ठण. राणेकाकी आतून ओरडल्या, "पेल्याक पोचो पडलो तर भरून देवचो लागतलो हां!"

दुसऱ्या दिवशी हात हलका झाला. तिसऱ्या दिवशी त्याहून हलका. तिसऱ्या दिवसअखेर माझ्यावर एकटा रहमत होता, तोही एका फटक्यानं.

दादर

त्या संध्याकाळी दादरला सभा होती. मी म्हटलं, उद्या शेवटचा दिवस, मी निजतो. आक्कानं पदर खोचला. "निजायला बेळगाव हाय की. चल."

लालबागेहून माणसं चालतच निघाली होती, आम्हीही निघालो. आमच्याकडं जत्रेला अशी माणसं चालतात, पण जत्रेला निघालेली माणसं वाटेत भांडतात. ही भांडत नव्हती. मैदान भरून माणसं रस्त्यावर आली होती. गिरणीतून सुटून तशीच आलेली, बायका, गिरगावातले कोटवाले मास्तर, माहीमच्या कोळणी. पुढं शाहिराचा डफ चालला होता.

मी उभा होतो तिथं एकानं वर्तमानपत्र अंथरून बैठक मारली होती. कारकून असावा. भाषण करणारा सीमेवरच्या गावांची नावं घ्यायला लागला, आणि बेळगाव म्हटल्याबरोबर अख्ख्या मैदानातून आवाज उठला, "झालाच पाहिजे!" आमच्या गावाचं नाव एवढ्या माणसांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

कारकुनानं माझ्याकडं पाहिलं. "कुठले तुम्ही?"

"बेळगाव."

तो उठलाच. आपल्या वर्तमानपत्रावर मला बसवलं आणि स्वतः मातीत बसला. कागदाच्या पुडीतले शेंगदाणे माझ्या ओंजळीत ओतले. "बसा हो. तुमच्यासाठीच चाललंय हे. गेल्या वर्षी आमच्या शेजारचा पोरगा गोळीनं गेला. पण तुम्ही येणारच, काळजी करू नका."

शेंगदाणे मी तसेच ओंजळीत धरून राहिलो. हा माणूस मला आपली बैठक देत होता, आणि तिकडं फळ्यावर मी म्हैसूरचा म्हणून लटकलो होतो, खिडकीशी दोन वाक्यं बोलून गप्प बसलो होतो. परतताना आक्काला मी फळ्याचं सांगितलं. इतके दिवस सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, "हरलास तर काय लिवलंय कोण बघणार? जिंक. मग बघू काय म्हणतात ते."

झाडाखाली

शेवटच्या दिवशी रहमत आणि मी जोडीनंच होतो. तो घाई करत नाही, बोलत नाही, आणि चुकत नाही. पण वय झालंय त्याचं. दुपारनंतर त्याचे लांब फटके आखूड पडायला लागले. शेवटच्या भोकावर आलो तेव्हा आम्ही बरोबरीत होतो.

त्याचा चेंडू भोकाच्या कडेला थांबला. एक जास्त लागला. माझा टोला राहिला होता, काठीच्या दोन लांबींएवढा, उतारावरचा. घातला तर मी पहिला. मी वाकलो आणि त्याच क्षणी गिरणीचा भोंगा झाला. सभासद खुर्च्यांवरून कुजबुजले, रहमतनं हात वर केला, थांब म्हणून. खेळात अशी सवलत असते. पण त्या भोंग्यावर सकाळ-संध्याकाळ काढणाऱ्या माणसांत मी जेवत होतो, झोपत होतो. मी थांबलो नाही. भोंगा चालू असतानाच चेंडू ढकलला. तो भोकात पडल्याचा आवाज मला ऐकू आला नाही. गमरेनं पिशवी वर फेकली तेव्हा कळलं.

बक्षिसं इमारतीपुढच्या हिरवळीवर होती. सभासद खुर्च्यांवर, आम्ही दोरीपलीकडं झाडाखाली. कॅडी कुंपणाशी. बक्षिसं द्यायला एक पारशी म्हातारी आली होती, रेशमी गारा साडी नेसलेली, हातात पंखा. आधी हौशी खेळाडू. मिस्टर अमुक, मिस्टर तमुक. मग सेक्रेटरी माईकवर म्हणाला, "प्रोफेशनल, पहिला. कंग्राळकर, म्हैसूर."

मी हललो नाही.

त्यानं परत म्हटलं. कुंपणापलीकडून गमरे हळूच म्हणाला, "नाव तुझंच आहे."

"गाव माझं नाही."

"मग उभा राहा तसाच," तो म्हणाला.

तिसऱ्यांदा पुकारून सेक्रेटरी दोरीपर्यंत चालत आला. चेहरा लाल. "तमाशा करू नकोस. पाकीट घे आणि जा."

"मी बेळगावचा आहे, साहेब. तसं म्हणा, येतो."

"तू कॅडी होतास. एवढ्यात विसरलास?"

"कॅडी होतो तेव्हाही बेळगावचाच होतो."

"तुझ्या कॅम्पाला पत्र जाईल. इथं परत पाय ठेवता येणार नाही तुला."

ते पाकीट म्हणजे आमच्या घराचं वर्ष होतं. बायकोला काय सांगू, तेही मनात आलं. पण माझ्या तोंडून जे निघालं ते असं, "पत्रात गावाचं नाव नीट लिहा."

तो परत गेला आणि माईकवर म्हणाला की पहिला खेळाडू हजर नाही, सबब पहिलं बक्षीस रहमत, कलकत्ता.

रहमत माझ्याशेजारी उभा होता. सहा पोरांचा बाप. ते पाकीट घेतलं असतं तर मी त्याला काही म्हणालो नसतो. तो जागचा हलला नाही. तिथूनच म्हणाला, "साहब, मैं तो दूसरा आया हूँ. पहला ये खड़ा है."

मग लखनौवाला म्हणाला, "जी हाँ, खड़ा है." दिल्लीचे दोघंही तेच म्हणाले. सगळे दोरीला येऊन लागले. खुर्च्यांवर कुणी खोकलं, कुणी हसलं. सेक्रेटरी माईक धरून उभा.

शेवटी पारशी म्हातारीनं पंखा मिटला. "अरे, शुं चाले छे? एने बेळगाम जोईए छे? तो बेळगाम बोलो नी! मारी चाय ठंडी थई जाय छे."

खुर्च्यांतून हशा पिकला. सेक्रेटरीनं माईकपासून तोंड फिरवलं आणि पुटपुटला, "बेळगाव."

"माईकवर," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं.

"कंग्राळकर," माईकमधून आवाज आला, "बेळगाव."

कुंपणापलीकडून गमरेचा आवाज फुटला, "झालाच पाहिजे!" आणि सगळ्या कॅड्यांनी तो उचलला. मी दोरीखालून वाकून गेलो नाही. रहमतनं ती वर उचलून धरली.

म्हातारीनं पाकीट दिलं आणि विचारलं, "बेळगाममां ठंडी पडे छे?" मी म्हटलं, पडते. "सारुं," ती म्हणाली, आणि चहाकडं वळली.

परत

आक्काच्या चाळीत त्या संध्याकाळी मटण शिजलं आणि राणेकाकींनी वडे तळले. कुणाला खेळातलं काही कळलं नव्हतं, पण माईकचं सगळ्यांना कळलं. भावोजींनी माझ्याकडून तो प्रसंग तीनदा करवून घेतला, एकदा स्वतः सेक्रेटरी झाले. निघताना आक्का ट्रामपर्यंत आली आणि वाकड्या मनगटाच्या हातानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. बस, एवढंच.

किंमत मी एकट्यानं मोजली नाही. दुसऱ्याच दिवशी गमरेला मागच्या फाटकावर अडवलं. घोषणा दिल्याबद्दल कायमचं बंद. मी त्याच्या नायगावच्या खोलीवर गेलो आणि बक्षिसातला वाटा पुढं ठेवला. त्यानं मजुरीपुरते उचलले, बाकीचे सरकवले. मी म्हटलं, माझ्यामुळं तुझं काम गेलं. तो रागावला. "तुझ्यामुळं? ओरडलो मी. माझं ओरडणं तू घेऊ नकोस." त्याच्या बायकोनं चहा दिला. कलकत्त्याला येतोस का विचारलं, तर म्हणाला, बदली मिळाली नाही तर येतो.

बेळगावला पोचलो त्याआधी पत्र पोचलं होतं. कॅम्पाच्या मेजरसाहेबांनी बोलावलं. वाईट माणूस नाही, पंजाबकडचा आहे, माझ्या हाताखाली शिकला आहे. त्यांनी टाइप केलेला कागद पुढं केला. मुंबईत जे झालं त्याबद्दल माफी मागतो, असं त्यावर होतं. खाली सही करायची.

"सही कर आणि कामाला लाग," ते म्हणाले. "मलाही वरून विचारणा आहे."

"नाही करत, साहेब."

"मग खाशील काय?"

"आजवर जे खाल्लं ते चेंडू मारूनच खाल्लं."

त्यांनी कागद खणात टाकला आणि म्हणाले, चाव्या ठेवून जा. दुरुस्तीच्या खोलीच्या चाव्या मी टेबलावर ठेवल्या. पिशवी माझी होती, ती घेतली.

कॅम्पाच्या मैदानावरून आम्ही लोक कुंपणाच्या कडेकडेनं जायचो. तशी रीतच होती. कॅडी होतो तेव्हापासून मी त्याच पायवाटेनं गेलो, प्रोफेशनल झालो तरी त्याच. त्या दिवशी मी सरळ मैदानाच्या मधून चालायला लागलो, खांद्यावर पिशवी, सतरंजी नाही, काठ्या उन्हात चमकताहेत.

मागून आरोळी आली, "फोर!" चेंडू येतोय, बाजूला हो, असा तिचा अर्थ. परत आली, आता रागानं. मी बाजूला झालो नाही आणि वळलोही नाही. चेंडू सूं करून आला आणि माझ्या कितीतरी उजवीकडून झुडपात गेला. माझ्याकडं शिकणारा धाकटा कॅप्टन असणार. त्याची पकड अजून सैल होती. पण ते सांगायचं काम आता माझं नव्हतं.